मेगर झाला, आता चार्ज करू का?

या खेपेच्या पत्रांमध्ये पॅनल (वीज वाटणारं, ब्रेकर बसवलेलं कपाट) कोणतं घ्यावं हे एकानेही विचारलेलं नाही. बहुतेक प्रश्न पॅनल जागेवर उभं राहिल्यापासून ते चार्ज होईपर्यंतच्या, म्हणजे त्यात पहिल्यांदा वीज सोडेपर्यंतच्या काळातले आहेत. माझी सगळी नोकरी टेस्टिंग आणि कमिशनिंगमध्ये गेली, त्यामुळे मला ते आवडलंच. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं काढली आहेत, कारण काहींनी आपल्या साहेबांबद्दल फारच मोकळेपणाने लिहिलंय.

मॅडम, ४१५ व्होल्टचं नवं पॅनल बसवलं. मेगर (इन्सुलेशन किती पक्कं आहे हे मोजणारं यंत्र) मारला तेव्हा २०० मेगाओम आले. दोन दिवसांनी सकाळी पुन्हा मारला तर १२. मधे पाऊस झाला होता. पॅनल खराब झालं का? साहेब म्हणतात, २०० लिही आणि चार्ज कर.

आधी साहेबांचं बघू. दोन्ही आकडे लिहायचे. प्रत्येकासमोर तारीख, वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता आणि मेगर किती व्होल्टवर लावला होता तेही लिहायचं. एवढं नसेल तर २०० काय आणि १२ काय, दोन्ही नुसते आकडे. तीन वर्षांनी कुणी तिसरा माणूस मेगर मारेल तेव्हा त्याला ताडून बघायला काहीतरी हवं ना!

आता १२ चं. या व्होल्टेजला ५०० व्होल्ट डीसीवर निदान १ मेगाओम हवा, असं आयईसी ६०३६४ सांगतं. म्हणजे नापास वगैरे काही झालेलं नाही. पण माप का उतरलं, ते शोधायचं. तिन्ही फेज साधारण सारखेच उतरले असतील तर बहुतेक ओलावा आहे. बसबारच्या (पॅनलमध्ये वीज नेणाऱ्या जाड पट्ट्यांच्या) सपोर्टवर दमट हवेचा पातळ थर बसतो आणि त्यावरून करंट सरपटतो. दोन फेज १५० वर आणि एकच १२ वर असेल तर मात्र हवेला दोष देऊ नका. त्या फेजवर तुटका सपोर्ट, ड्रिलिंगचा चुरा किंवा घासलेली वायर असं काहीतरी आहे.

ओलाव्यासाठी पॅनलमध्ये स्पेस हीटर असतो. गंमत अशी, की नव्या पॅनलला तो सगळ्यात जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो बंद असतो, कारण पॅनल चार्जच झालेलं नसतं. हीटरला बाहेरून तात्पुरता सप्लाय द्या, एक दिवस चालू ठेवा आणि मग पुन्हा मेगर मारा. मात्र तो तात्पुरता सप्लाय हीटरच्याच सर्किटपुरता आहे ना, कंट्रोल वायरिंगमधून भलतीकडे जात नाही ना, हे बघा. आणि दारावर पाटी लावा, कारण आता ‘बंद’ पॅनलच्या आत एक जिवंत वायर आहे.

मेगर मारण्याआधी सर्ज अरेस्टर, डिजिटल मीटर, रिले (बिघाड ओळखून ब्रेकर ट्रिप करणारं, म्हणजे उघडणारं यंत्र), ड्राइव्ह आणि कपॅसिटर सोडवले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. न्यूट्रल आणि अर्थमधली लिंक काढली होती का? कंट्रोल ट्रान्सफॉर्मर दोन फेजमध्ये जोडलेला राहिला तर त्या दोन फेजमध्ये मेगर शून्य दाखवतो, आणि पोरं शॉर्ट शोधण्यात अर्धा दिवस घालवतात. फ्यूज काढला की शॉर्ट गायब. केबल जोडलेली असेल तर मेगर झाल्यावर ती डिस्चार्ज करा. मेगर जितका वेळ मारला त्याच्या निदान चौपट वेळ ती अर्थला धरून ठेवायची. लांब केबल चार्ज धरून बसते आणि लग हातात घेणाऱ्याला ते कळवते.

आणि शेवटचं म्हणजे, मेगर फक्त इन्सुलेशनबद्दल बोलतो. बोल्ट सैल आहे का, फेज उलटे आहेत का, रिले ट्रिप देईल का, यातलं त्याला काही कळत नाही. ‘मेगर ओके’ एवढ्यावर चार्ज करायला निघालेल्या माणसाला मी नेहमी विचारते, बाकीच्या प्रश्नांची उत्तरं कुणी दिली?

आम्ही ब्रेकर रॅक-आऊट करतो (जागेवरून बाहेर ओढून वेगळा करतो), कुलूप लावतो, परमिट घेतो. तरी आमचे सेफ्टीवाले प्रत्येक वेळी टेस्टर लावूनच बघा म्हणतात. जुनी माणसं हसतात. एवढं खरंच लागतं का?

लागतं. जुन्या माणसांना हसू द्या.

कुलूप लावल्याने एक वाट बंद होते. पॅनलमध्ये लाइन यायच्या वाटा किती आहेत, ते सिंगल लाइन डायग्राम घेऊन बोटाने मोजा. इनकमर (वीज आत आणणारा ब्रेकर), बसकपलर (दोन बसबार जोडणारा ब्रेकर), जनरेटर, सोलरचा इन्व्हर्टर, यूपीएस. बॅटरीकडून येणारा डीसी कंट्रोल सप्लाय. लाइटिंगच्या बोर्डवरून आलेला हीटरचा सप्लाय, जो पॉवर डायग्रामवर बहुतेक वेळा दाखवलेलाच नसतो. शेजारच्या पॅनलमधून इंटरलॉकसाठी आलेल्या दोन वायर. ब्रेकर रॅक-आऊट असताना यातलं पुष्कळ काही जिवंत राहू शकतं.

पण मला जास्त धास्ती वेगळ्याच गोष्टीची आहे. ब्रेकर बरोबर, कुलूप बरोबर, परमिट बरोबर आणि माणूस चुकीच्या पॅनलसमोर. पुढून पॅनलवर मोठी अक्षरं असतात. मागे गेलं की सगळी कव्हरं सारखी, शिवाय क्रम उलटा होतो. पुढून डावीकडून तिसरा असलेला फीडर (बाहेर वीज नेणारा कप्पा) मागून उजवीकडून तिसरा. एका कारखान्यात मी पाहिलंय, केबलिंगसाठी मागची कव्हरं काढली होती आणि बसवताना त्यांची अदलाबदल झाली. नंबर कव्हरवर चिकटवलेला होता, म्हणून नंबरही शेजारच्या पॅनलवर गेला. टेस्टर लावला म्हणून कळलं. तेव्हापासून मागचा नंबर कव्हरवर आणि आतल्या फ्रेमवर असा दोन्हीकडे असल्याशिवाय मी पॅनल ताब्यात घेत नाही.

तपासायची रीत अशी. टेस्टर आधी नक्की जिवंत असलेल्या जागी लावून बघा. मग कामाच्या जागी प्रत्येक फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ. मग पुन्हा त्याच जिवंत जागी. तिसरी पायरी लोक गाळतात, पण मधल्या मिनिटात टेस्टरचा सेल गेला किंवा वायर तुटली असेल तर ते फक्त तिथेच कळतं.

खिशातला पेनासारखा, न टेकवता लागणारा टेस्टर यासाठी चालत नाही. केबलला अर्थ केलेलं स्क्रीन असेल तर तो जिवंत केबलजवळही गप्प बसतो. लो व्होल्टेजला दोन टोकांचा, कॅट ३ किंवा कॅट ४ (मीटरचा सुरक्षा वर्ग) लिहिलेला टेस्टर घ्या. मल्टिमीटर वापरणार असाल तर लीड कुठल्या भोकात आहे ते बघा. लीड अँपिअरच्या भोकात राहिली आणि दोन फेजला टेकवली, की तुम्ही स्वतःच्या हाताने शॉर्ट केलात. ११ केव्हीला काठीवरचा, त्याच व्होल्टेजचा डिटेक्टर. लाइन नाही हे पक्कं झालं की अर्थिंग. आधी अर्थचं टोक घट्ट करा, मग काठीने फेजचं. काढताना आधी फेजचं.

ब्रेकरच्या यंत्रणेत हात घालणार असाल तर स्प्रिंगही लक्षात ठेवा. चार्ज झालेल्या स्प्रिंगला लाइन आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं, ती बोट तोडते. आधी कंट्रोल सप्लाय बंद करा, मग ब्रेकर एकदा क्लोज, एकदा ट्रिप. सप्लाय चालू ठेवून हे केलंत तर क्लोज झाल्याझाल्या मोटर स्प्रिंग पुन्हा भरून ठेवते.

आमच्याकडे टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने कसणारा पाना) नाही. पण फिटर इतका अनुभवी आहे की हाताने बरोबर कसतो. चालेल?

नाही. आणि हे फिटरच्या अनुभवाला कमी लेखणं नव्हे. दिवसभरातला पहिला बोल्ट आणि पन्नासावा बोल्ट कुठलाच हात सारखा कसत नाही. उभ्याने कसलेला आणि पॅनलच्या तळाशी आडवं होऊन कसलेला तर नाहीच. अनुभवी माणसाचा कल जास्त कसण्याकडे असतो, आणि त्यानेही सांधा बिघडतो. बोल्ट ताणला जातो, बसबारचा मऊ धातू दबतो आणि काही महिन्यांच्या गरम-थंड होण्यात सांधा सैल पडतो. ॲल्युमिनियम तर आणखी लवकर.

टॉर्कचा आकडा पॅनल बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्या. तो बोल्टचा साइज, ग्रेड आणि आटे कोरडे की तेलकट यावर ठरतो. तक्ता कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही तेल लावून तोच टॉर्क दिलात, तर बोल्टवर ताण जास्त येतो. बशीसारखे वॉशर असतील तर बशीची पोकळ बाजू बसबारकडे. कसून झालं की नट आणि बसबारवरून मार्करची एक आडवी रेघ ओढा. पुढे रेघ मोडलेली दिसली की नट फिरला. ही रेघ कसणाऱ्याने कसल्यावर लगेच ओढायची. संध्याकाळी एकाने मार्कर घेऊन सगळीकडे रेघा ओढत सुटायचं, हेही मी पाहिलंय.

मग सांध्याचा रेझिस्टन्स मोजा. मल्टिमीटरने नाही, त्याच्या लीडचाच रेझिस्टन्स सांध्याच्या हजारो पट असतो. मायक्रोओममीटर लागतो, चार वायरचा, साधारण १०० अँपिअर डीसी सोडणारा. एका आकड्याकडे बघून फारसं कळत नाही. तोच सांधा तिन्ही फेजला मोजा आणि एकमेकांशी ताडा. दोन फेज ८ मायक्रोओम आणि तिसरा २८ असेल, तर तो उघडायचा, साफ करायचा, पुन्हा कसायचा. ‘२० मायक्रोओमच तर जास्त आहेत’ म्हणणाऱ्यासाठी हिशोब करते. १६०० अँपिअरचा वर्ग गुणिले २० मायक्रोओम म्हणजे ५१ वॅट. बंद चेंबरमध्ये त्या एका सांध्याला एक सोल्डरिंग आयर्न कायमचं बांधून ठेवल्यासारखं.

सगळे सांधे मोजायला वेळ नसेल तर साइटवर जोडलेले आधी घ्या, म्हणजे पॅनलचे दोन भाग वेगळे आले आणि तिथे बसबार जोडला ते. कारखान्यातले सांधे तिथे तपासलेले असतात, पण ट्रकमध्ये हादरे खाऊन आलेले असतात, हेही विसरू नका. पुढे पॅनलवर निदान ४० टक्के लोड आला की थर्मल कॅमेऱ्याने बघा. रिकाम्या पॅनलचा थर्मल फोटो रिपोर्टला जोडून काही उपयोग नाही.

मोठ्या सिंगल कोअर केबल पॅनलमध्ये येतात तिथली ग्लँड प्लेट हाताला चटका बसेल इतकी तापते. केबल मात्र थंड आहे.

प्लेट लोखंडी आहे आणि प्रत्येक फेजला स्वतंत्र भोक आहे, बरोबर? एकेकट्या केबलभोवती लोखंडाचा बंद गोल झाला की त्यात एडी करंट फिरतात. प्लेट ॲल्युमिनियमची करून घ्या. आणि तेव्हाच वापरात नसलेली भोकंही बुजवा, उंदीर तिथूनच येतात.

मी शिकाऊ आहे. ११ केव्ही पॅनलच्या रिलेला सेकंडरी इंजेक्शन (टेस्ट किटमधून थेट रिलेला व्होल्टेज-करंट) देत होतो. सिनिअर एकदम ओरडले, ‘पीटी काढला का?’ आम्ही तर फक्त ११० व्होल्ट देत होतो. एवढं ओरडण्यासारखं काय होतं?

ओरडले ते बरं केलं, आणि तुम्ही विचारलंत तेही बरं केलंत.

पीटी हा मोजण्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याला दिशा कळत नाही. प्रायमरीला ११,००० आले की तो सेकंडरीला ११० देतो. तुम्ही सेकंडरीला ११० दिलेत की तो प्रायमरीला ११,००० देतो. तुमच्या टेस्ट किटची वायर पीटीपर्यंत जुळलेली राहिली असती, तर पॅनलच्या मागे बसबार पुसत बसलेल्या माणसासमोर ११ केव्ही उभे राहिले असते. ब्रेकर बंद, इनकमर कुलपात आणि तरीही. म्हणून आधी पीटीची ट्रॉली बाहेर काढायची, सेकंडरीचे फ्यूज काढायचे आणि इंजेक्शन टेस्ट ब्लॉकच्या रिलेकडच्या बाजूला द्यायचं.

सीटीचं (मोजण्यासाठी करंट उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) दुखणं याच्या उलट आहे. प्रायमरीतून करंट वाहत असताना त्याची सेकंडरी उघडी पडली, की तो सगळा करंट कोअरला चुंबकित करायला लागतो आणि उघड्या टोकांवर हजारो व्होल्टचे झटके उभे राहू शकतात. म्हणून चालू फीडरवर सीटीची वायर काढायच्या आधी शॉर्टिंग लिंक लावतात. आता खरी गोम: काम झाल्यावर ती लिंक काढायची राहते. काहीच तापत नाही, काही आवाज येत नाही, फक्त रिलेला करंट दिसत नाही. फीडर मजेत चालतो आणि फॉल्टच्या दिवशी रिले गप्प बसतो. चार्ज करण्याआधी प्रत्येक लिंक डोळ्यांनी बघा आणि लोड आल्यावर रिलेच्या पडद्यावर तिन्ही फेजचे अँपिअर वाचा.

रिले बरोबर वेळेत ट्रिप देतो का, हे कागदावर आधी काढून ठेवा, मग किट लावा. स्टँडर्ड इन्व्हर्स कर्व्ह (करंट जितका जास्त, तितकी ट्रिपची वेळ कमी) आणि टाइम मल्टिप्लायर (वेळेचं सेटिंग) ०.१ असेल तर सेटिंगच्या दुप्पट करंटला साधारण १ सेकंद, दहापटीला ०.३ सेकंद. आकडा आधी माहीत नसेल तर किट जे दाखवेल ते बरोबरच वाटतं.

एवढं झालं तरी सेकंडरी इंजेक्शनने सीटी बरोबर लावलाय की उलटा, हे कळत नाही. त्यासाठी प्रायमरी इंजेक्शन, म्हणजे सीटीच्या प्रायमरीतूनच करंट सोडणं, करावं लागतं. आणि रिलेचा लाल दिवा लागणं वेगळं, ब्रेकर उघडणं वेगळं. प्रत्येक प्रोटेक्शनने निदान एकदा खरोखर ब्रेकर ट्रिप करून बघा. डीसी सप्लाय ७० टक्क्यांवर आणूनही ट्रिप करून बघा, कारण शंट ट्रिप कॉइल (ब्रेकर उघडणारी कॉइल) तिथेही चालायलाच हवी. फॉल्टच्या वेळी बॅटरी भरलेलीच असेल असं थोडंच आहे?

साइटवर १२ केव्ही वर्गाच्या पॅनलचा हायपॉट (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनची टेस्ट) २८ केव्हीनेच करायचा ना?

२८ केव्ही, १ मिनिट ही कारखान्यातली टेस्ट. साइटवर सहसा त्याच्या ८० टक्के, म्हणजे २२.४ केव्ही. केबल, सर्ज अरेस्टर आणि पीटी सोडवा, सीटीच्या सेकंडरी शॉर्ट करून अर्थ करा, आधी आणि नंतर मेगर मारा. व्हॅक्यूम बॉटलच्या (ब्रेकरचे काँटॅक्ट ज्यात असतात त्या निर्वात बाटलीच्या) उघड्या काँटॅक्टवर टेस्ट करताना एसी किट घ्या. काही डीसी किट चांगल्या बॉटललाही नापास करतात. उघड्या काँटॅक्टवर जास्त व्होल्टेज दिलं की बॉटलमधून एक्स-रे निघू शकतात, म्हणून बनवणाऱ्याने सांगितल्यापेक्षा वर जाऊ नका आणि दोरी लावून सगळ्यांना लांब ठेवा.

आर्क फ्लॅशचा सूट घालून घामाने जीव जातो. रबरी मॅट आणि हातमोजे असताना सूट कशाला?

मॅट आणि रबरी हातमोजे शॉकसाठी आहेत. आर्कला (हवेतून पेटणाऱ्या विजेच्या ज्वाळेला) तुमच्या अंगातून जावं लागत नाही, ती समोर पेटते आणि तिची उष्णता येते. उघड्या कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी पडली तर फोड येणारं भाजणं सुरू होतं, आणि मोठ्या पॅनलमध्ये त्याला सेकंदाचा छोटासा तुकडा पुरतो. आत पॉलिस्टरचा शर्ट घालू नका, तो वितळून अंगाला चिकटतो. पण सूट ही शेवटची गोष्ट. दार बंद ठेवून रॅक-इन करता येतं का, बटण लांबून दाबता येतं का, हे आधी विचारा. माणूस समोर नसला तर सूटच लागत नाही.

पहिल्यांदा चार्ज करताना कुणी कुठे उभं राहायचं? आमच्याकडे सगळा स्टाफ बघायला जमतो.

सगळ्यांना बाहेर काढा. अगदी मोठ्या साहेबांनासुद्धा. त्यांना काय बघायचं ते बाहेर मीटरवर दिसतं.

आधी हत्यारं मोजा. आत नेलेले पाने, सॉकेट, टॉर्च यांची यादी केली असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे, नसेल तर होणारच नाही. तात्पुरती अर्थिंग किती लावली होती आणि किती निघाली तेही मोजा. सगळी कव्हरं बसवा, सगळ्या बोल्टांसकट; चार कोपऱ्यांचे चार लावून भागवलेलं दार आतल्या दाबाला टिकत नाही. सगळे फीडर बंद. ब्रेकर आधी टेस्ट पोझिशनमध्ये क्लोज-ट्रिप करून बघा आणि इंटरलॉकला मुद्दाम चुकवायचा प्रयत्न करा: अर्थ स्विच लागलेला असताना ब्रेकर आत जातो का, ब्रेकर क्लोज असताना ट्रॉली बाहेर येते का? जाता-येता कामा नये. मग लांबून क्लोज करा. लांबून शक्यच नसेल तर सूट घालून, पॅनलच्या समोर न राहता बाजूला उभं राहून.

चार्ज झाल्यावर तसंच रिकामं राहू द्या आणि आवाज ऐका. एकसारखा गुणगुण आवाज ठीक. तडतड असेल तर बंद करा. मग व्होल्टेज, मग फेज सीक्वेन्स (तीन फेजचा क्रम). मोटर उलटी फिरल्यावर दोन वायर बदलू, हा विचार पंपाला परवडत नाही.

दोन इनकमर असतील तर बसकपलर लावण्याआधी दोन्ही बाजूंचं फेजिंग करा, योग्य सूट घालून आणि त्याच व्होल्टेजच्या साधनाने. नुसता सीक्वेन्स जुळून भागत नाही. आर, वाय आणि बी ही तीन फेजची नावं; आर-वाय-बी आणि वाय-बी-आर या दोन्हींचा सीक्वेन्स एकच येतो. एका बाजूचा आर दुसऱ्या बाजूच्या आरशी, मग वायशी, मग बीशी, अशी सगळी मिळून नऊ मापं. ४१५ व्होल्टच्या पॅनलवर सारख्या फेजमध्ये जवळजवळ शून्य आणि बाकी सहा ठिकाणी साधारण ४१५ यायला हवेत. शून्य आलं म्हणून लगेच खूश होऊ नका. मीटरचा फ्यूज गेला असेल किंवा एका बाजूला लाइनच नसेल, तरीही शून्यच येतं. म्हणून आधी दोन्ही बाजूंना आपापल्या अर्थशी व्होल्टेज मोजून घ्या, आणि नऊपैकी एखादं माप जरी २०० च्या आसपास रेंगाळलं, तर कपलरला कुलूप लावून न्यूट्रल कुठे सुटलाय ते शोधायला लागा.